देणाऱ्यांची नावं

सोमवार, ३

आजपासून मी खजिनदार. जन्म गेला शाळेच्या ऑफिसात फी घेण्यात आणि पावत्या फाडण्यात, तेव्हा कोणी साधी खुर्चीवर घालायला उशी दिली नाही. आता गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय, तर पद चालून आलं.

धाकटा सकाळीच आला होता. धाकटा म्हणजे माझा एकुलता एक भाऊ. औषधाचं दुकान आहे त्याचं आणि यंदा नगराध्यक्षपदाला उभा राहतोय. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गावाच्या टोकाला खडीचं मशीन आहे, ते दिवसभर दगड फोडतं आणि त्याची धूळ अर्ध्या गावाच्या छातीत जाते. खोकल्याचं औषध विकून विकून कंटाळलो, आता मशीनच हलवतो, असं तो म्हणतो. लहानपणापासून बोलायला गोड. आईकडून माझ्या वाटणीची साखरही तोच मागून घ्यायचा आणि मी द्यायचे.

यंदा नवा नियम आलाय. उमेदवाराला कोणीही, कितीही पैसे देवोत, देणाऱ्याचं नाव आणि रक्कम दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत नगरपालिकेबाहेरच्या फलकावर लागली पाहिजे. लोकांना मत देण्याआधी कळायला हवं ना, कोण कोणाच्या पाठीशी आहे. कागदावर सही खजिनदाराची, म्हणजे माझी.

"तुझ्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, ताई," धाकटा म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो गेल्यावर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याच्या दुकानाचा हिशोब बघणारा माणूस आहे की. त्याला का नाही घेतलं?" म्हटलं, त्याला माझ्यासारखी शिस्त नाही. "असेल," म्हणाले आणि पान उलटलं. यांचं हे 'असेल' ऐकत माझे केस पांढरे झाले.

एक फायदा मात्र आहे. प्रचाराचं ऑफिस दुकानाच्या मागच्या खोलीत आणि वर त्यांचं घर. आई त्यांच्याकडे असते. एरवी भावजयीला आधी फोन करा, मग तिची सवड बघा, असं करत महिना निघून जातो. आता रोज जिना चढले की आई.

गुरुवार, ६

दमले. फलक उंचावर आहे, त्याला काचेचं दार आहे आणि किल्ली शिपायाकडे. शिपाई कधी जागेवर नसतो. त्याला शोधायचं, स्टूल मागायचं, त्यावर चढायचं, चारही कोपऱ्यांना टाचण्या लावायच्या. खाली उतरेपर्यंत मागे गर्दी जमलेली असते.

कारण गावाला नवीन करमणूक मिळालीय. बाराचा ठोका पडला की रिकामटेकडे काय आणि कामाचे काय, सगळे फलकापुढे. एक पेन्शनर आजोबा आहेत, ते चष्मा पुसून मोठ्याने वाचतात आणि बाकीचे टीका करतात. दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही उमेदवारांना सारखेच पैसे दिले. वाटलं असेल, दोन्हीकडचे दात आपलेच. आता दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर रुसलेत. किराणावाल्याने आमच्याकडे दिले आणि त्याच्या जावयाने विरोधी उमेदवाराकडे, तेही सासऱ्यापेक्षा जास्त. मुलगी मध्ये अडकलीय बिचारी. शिंप्याने तर मला गाठून सांगितलं, आकडा राहू दे, नाव जरा ठळक अक्षरात काढा.

मॅनेजरला हे सगळं आवडतं. धाकट्याने हा बाहेरून आणलाय, अनेक निवडणुका जिंकून दिल्यात म्हणे त्याने. मी मनातल्या मनात त्याला 'इस्त्री' म्हणते. कधी बघा, शर्टाला एक सुरकुती नाही. बोलण्यालाही नाही. मला म्हणाला, तुमचा कागद विरोधकांच्या आधी लागतो, याचा प्रचारात फार उपयोग होतो. त्यांच्या खजिनदाराला पाच पाच मिनिटं बाकी असताना धावताना मी बघते. मी आदल्या दिवशीच लावून टाकते. पैसे आले, पावती फाडली, यादीत चढवले, लावले. उद्यावर ढकलणं मला जमत नाही.

शनिवार, ८

दुपारी एक बाई आल्या. खडीच्या मशीनवर वजनकाट्यावर बसतात, ट्रक भरला की वजन करून चिठ्ठी देतात. नवरा आधी तिथेच दगड फोडायला होता, आता छातीने अंथरुणाला खिळलाय. पदराच्या गाठीतून घडी केलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. रक्कम लहान, पण त्यांच्या मानाने थोडी नव्हे. "तुमचा भाऊ आमच्यासाठी उभा राहिलाय," म्हणाल्या.

पावती फाडली. त्यांनी विचारलं, नाव लागणार का? म्हटलं, लागणार तर, आमच्याकडे लहान-मोठा असा भेद नाही. त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, उद्या दुपारी लावलं तर नाही का चालणार? आज संध्याकाळी आमचा पगार असतो. मला त्याचा आणि पगाराचा संबंध कळला नाही. वाटलं, पगार झाल्यावर आणखी थोडे द्यायचे असतील. म्हटलं, बाई, आजचं काम आजच. त्यांनी पावती घडी करून पदरात बांधली.

त्यांचं नाव मी तासाभरात लावलं. टपोऱ्या अक्षरात, पहिल्या ओळीत. मशीनवरचं कोणीतरी उघडपणे आमच्या बाजूने आलं, हे लोकांनी बघायला हवं. इस्त्री तर फोटोच काढायला धावला.

सोमवार, १०

त्या बाईंना कामावरून काढलं.

शनिवारी संध्याकाळी पगाराच्या रांगेत उभ्या होत्या, त्यांची पाळी आली तेव्हा सांगितलं, तुमचा हिशोब नंतर बघू आणि सोमवारपासून येऊ नका. म्हणजे नोकरी गेली आणि आठवड्याचा पगारही अडकला. मशीनच्या मालकाचा, खडीवाल्याचा, कोणीतरी माणूस फलकापाशी असणारच. फलक सगळ्यांसाठीच असतो.

नियमाने मला रविवारी दुपारपर्यंत वेळ होता. मी थांबले असते तर निदान पगार तरी हातात पडला असता. त्यांनी सांगितलं होतं, स्पष्टच सांगितलं होतं, फक्त माझ्या डोक्यात शिस्तीचं वारं होतं. सगळ्या गावात मीच काय ती वक्तशीर.

यांना सांगितलं. यांनी उठून चहा करून आणला. हे चहा करतात म्हणजे काय ते मी समजले.

मंगळवार, ११

त्यांच्या घरी गेले. एक खोली, खिडकीला ओला कपडा लावलेला, धूळ आत येऊ नये म्हणून. नवरा भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की खोकला येतो, म्हणून बसूनच झोपतो. मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, तुमचं काय चुकलं, नियमच आहे ना. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

धाकट्याला सांगितलं, काहीतरी कर. त्याचा चेहरा खरोखर पडला. म्हणाला, निवडून येऊ दे, पहिलं काम हेच. संध्याकाळच्या सभेत त्याने त्या बाईंचा विषय काढला, नाव घेऊन. लोक हळहळले. बाईंना विचारलं होतं का, ते मात्र मी त्याला विचारलं नाही.

शुक्रवार, १४

कामाला आता रंग चढलाय. कालपर्यंत छपाईवाला उधारी मागायला दुकानाच्या पायरीवर बसायचा, आज स्वतःच नवे गठ्ठे टाकून गेला आणि वर हसला. दोन नवीन गाड्या, त्यांच्यावर मोठे कर्णे. इस्त्रीला विचारलं, एवढं कसं जमवलं? म्हणाला, लोकांचं प्रेम आहे, मॅडम. असेलही. आपण नुसतेच काळजी करत बसतो.

नव्या पत्रकांची घडी घालायला मीही बसले. मजकूर जरा बदललाय. आधी 'मशीन हलवणारच' असं ठळक होतं, आता 'धुळीवर कडक नियंत्रण' असं आहे. धाकट्याला म्हटलं, पहिलं जास्त जोरकस होतं. तो म्हणाला, वकिलांनी सुचवलं, निवडणुकीत शब्द जपून वापरावे लागतात. त्याला धड झोप मिळत नाही, डोळे लाल झालेत. माझ्याकडे न बघताच बोलत होता. फार ताण घेतो.

इस्त्री आज माझ्याशी विशेष चांगला वागला. म्हणाला, तुम्ही फार दमलात, मॅडम, शेवटचा आठवडा आराम करा. आईंना घेऊन चार दिवस हवापालटाला जा, गाडी मी देतो, तुम्ही कोऱ्या कागदांवर सह्या तेवढ्या करून ठेवा, लावायचं आम्ही बघू. त्याच्याबद्दल माझं मत जरा बदललं. आईला विचारलं, जाऊया का? ती म्हणाली, मला कुठे नेतेस, मीच आता निघायच्या तयारीत आहे. आणि स्वतःच हसली. मग राहिलंच.

सोमवार, १७

सभेत आज धाकट्याचं भाषण झालं, रस्ते आणि दिव्यांवर. मशीनवर एकच वाक्य, तेही घाईत. मागे बसलेला कोणीतरी ओरडला, धुळीचं बोला. तेवढ्यात कर्णा बिघडला. नवा कोरा कर्णा, आणि नेमका तेव्हाच. हल्लीच्या वस्तूंचा काही भरवसा नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "असेल."

बुधवार, १९

हे लिहून ठेवायलाच हवं.

बँकेत पासबुक भरून आणायला गेले. प्रचाराच्या खात्याला धाकट्याचा फोन जोडलेला आहे, पैसे जमा झाल्याचे निरोप त्याला जातात, आणि रोज संध्याकाळी इस्त्री मला त्यांची यादी देतो. हातात येतात त्यांची पावती मी फाडते, पण थेट बँकेत येतात ते त्या यादीवरूनच फलकाच्या कागदावर चढवते. आज पासबुक छापून हातात आलं तेव्हा सवयीने ताळा घालत उभी राहिले. गेल्या गुरुवारची एक रक्कम यादीत नाही. आणि रक्कम अशी, की आतापर्यंत आलेले सगळ्या गावाचे पैसे एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला.

पैसे पाठवणारा खडीवाला. स्वतःच्या कंपनीच्या नावाने, लपवाछपवी नाही.

मला आधी वाटलं बँकेची चूक. खिडकीवरच्या मुलीला तसं सांगितलंही. तिने पुन्हा बघितलं आणि मान हलवली. मागची रांग कुरकुरायला लागली, तशी मी बाजूला झाले. तिथल्या बाकावर बसून मला पत्रकाचा बदललेला मजकूर आठवला, छपाईवाल्याचं हसू आठवलं, हवापालट आठवला. माझ्यासारखी मूर्ख मीच. या वहीची मागची पानं वाचवत नाहीत.

गुरुवार, २०

काल रात्रभर डोळा लागला नाही. सकाळीच दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. धाकटा आणि इस्त्री दोघेही होते. पासबुक टेबलावर ठेवलं.

धाकट्याने उघडलंच नाही ते. इस्त्री बोलायला लागला, नेहमीसारखा, सुरकुती न पडता. यात बेकायदा काही नाही, मॅडम. देणाऱ्याने उघड दिलेत, आपण उघड घेतलेत. फक्त जाहीर करायला उशीर झाला. उशिराला दंड आहे, तो आपण भरू. त्याने दंडाचा आकडा सांगितला. ऑफिसच्या एका दिवसाच्या चहा-बिस्किटांना याहून जास्त लागतात. रविवारी मतदान, सोमवारी मोजणी. मंगळवारी सावकाश कागद लावायचा. त्याने हे आधीही केलंय, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं.

मी म्हटलं, मत देऊन झाल्यावर लोकांनी तो कागद काय चाटायचाय? वरातीमागून घोडं. तो हसला आणि फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

मग आम्ही दोघंच राहिलो. धाकटा माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, छपाईवाला कोर्टात जाणार होता, दुकान गहाण टाकायची वेळ आली होती. खडीवाल्याने स्वतःहून निरोप पाठवला. मशीन राहील, पण पाणी मारतील, कापड लावतील, धूळ कमी होईल. हलवण्यापेक्षा हे लवकर होईल. आणि विरोधी उमेदवार आला तर तेही होणार नाही. हे सगळं तो मला समजावत नव्हता, स्वतःला समजावत होता. मला त्याची कीव आली. आणि रागही आला, फार राग आला.

"काट्यावरच्या बाईंचं नाव मी तासाभरात लावलं," मी म्हटलं. "खडीवाल्याचं बारा दिवसांनी लावू?"

"तिचं एवढ्या घाईने लावायला तुला कोणी सांगितलं होतं?"

तो बरोबर बोलला होता आणि त्यालाही ते माहीत होतं.

थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला, "ताई, मंगळवारी लाव. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही." साखर तो विसरला असावा. "आणि लावायचाच असेल आधी, तर लाव. मग मात्र वर येत जाऊ नकोस. मला आईसमोर तुझ्याशी भांडायचं नाही."

मी उठून जिन्याकडे गेले. भावजय वरच्या पायरीवर उभी होती, सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं. म्हणाली, आईंना आत्ताच औषध दिलंय. मी परत फिरले.

यांना म्हटलं, एकदा तरी 'असेल' सोडून काहीतरी सांगा. हे म्हणाले, सही तुझी आहे आणि भाऊही तुझाच आहे, मी काय सांगू? नंतर माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या वतीने यांनी कधी काही ठरवलं नाही. आधी मला त्याचा राग यायचा.

आई चौऱ्याऐंशीची आहे. भांडण किती दिवस टिकेल आणि ती किती दिवस, हा हिशोब मी दिवसभर करतेय. तो मनातही करू नये इतका वाईट हिशोब आहे.

शुक्रवार, २१

लावला.

वेगळं काही लिहिलं नाही. नाव, रक्कम, पैसे आल्याची तारीख, खाली माझी सही. टपोरं अक्षर, पहिली ओळ, जशी त्या बाईंची होती. शिपायाने काचेचं दार उघडताना वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. स्टूल आज त्याने स्वतःच धरलं.

बारा वाजता आजोबांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला थांबले. पुन्हा पुसला. मग वाचलं. एरवी तिथे केवढा गलका असतो, आज कोणी टीका केली नाही. एकाने रक्कम परत विचारली. एकजण म्हणाला, बराच आकडा आहे. मग माणसं दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात बोलत पांगली.

मी घरी येऊन फोन समोर ठेवून बसले. वाजला नाही.

शनिवार, २२

आईकडे गेले होते, सकाळी अकराला. भावजयीने दार अर्धवटच उघडलं. आई झोपल्यात म्हणाली. आतून आईचा आवाज येत होता, कोण आलंय म्हणून विचारत होती.

परत येताना फलकापाशी थांबले नाही. पलीकडच्या फुटपाथवरून आले.

रविवार, २३

मत देऊन आले. रांगेत दातांचे डॉक्टर पुढे होते. त्यांनी मला बघून मान वळवली, बहुधा गप्पा नकोत म्हणून. कोणाला मत दिलं ते इथेही लिहिणार नाही. एवढं एक तरी फलकावर लागत नाही.

सोमवार, २४

धाकटा निवडून आला. चांगल्या फरकाने, इस्त्रीने धरला होता त्याहून मोठ्या.

मी उंबऱ्यात उभी राहून गाड्यांचे भोंगे ऐकले. मला आनंद झाला का? झाला. भाऊ आहे माझा. मग यांना विचारलं, म्हणजे लोकांनी वाचलंच नाही का? हे म्हणाले, वाचलं नसेल असं कसं होईल, सगळं गाव त्या काचेला नाक लावून उभं होतं.

मिरवणूक आमच्या रस्त्याने आली नाही. तो मला आता तोडणार. ते मी गृहीत धरूनच कागद लावला होता, तेव्हा रडायचं नाही असं ठरवलंय. अजून जमलेलं नाही.

गुरुवार, २७

सकाळी फोन आला. धाकट्याचा. आवाज एकदम मोकळा. "अगं, आहेस कुठे? आई विचारतेय. ये ना." जणू मीच यायची थांबले होते.

गेले. मागच्या खोलीत माणसं मावत नव्हती. धाकट्याने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, आमच्या ताईचा कागद, त्यानेच तर मला तारलं. लोक म्हणाले, बघा, एवढी मोठी रक्कम आणि सख्ख्या बहिणीने चव्हाट्यावर मांडली, म्हणजे माणूस सरळ आहे. आणि मोठी माणसं पाठीशी आहेत, म्हणजे कामं होतील. सगळे हसले. इस्त्री म्हणाला, पुढच्या वेळी आपण आधीच लावू, मॅडम. तो चेष्टा करत नव्हता, शिकला होता.

धाकट्याच्या शेजारच्या खुर्चीवर खडीवाला बसला होता. इतक्या वर्षांत मी त्याला जवळून पहिल्यांदा बघितलं. साधा, थकलेला माणूस, माझ्याच वयाचा. उठून मला जागा दिली. म्हणाला, अक्षर फार सुरेख आहे तुमचं. मी आभार मानले.

तेवढ्यात काट्यावरच्या बाई आल्या. चेहरा उजळलेला. नोकरी परत मिळाली, अडकलेला पगारही मिळाला, धाकट्याने शब्द टाकला आणि खडीवाल्याने तो राखला. दोघांचे आभार मानायला आल्या होत्या. मग माझ्याकडे वळल्या. मी त्यांना जिन्यापाशी बाजूला घेतलं. मला राहवलं नाही, विचारलं, फलकावरचा तो शेवटचा कागद तुम्ही वाचलात का?

"वाचला की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मत यांना दिलं. म्हटलं, आता दोघं एक झाले. आता माझ्यासाठी कोणीतरी बोलेल."

मी नवऱ्याची चौकशी केली. खोकला आहे तसाच, म्हणाल्या, पण औषध आता तुमच्या दुकानातून निम्म्या भावाने मिळणार आहे. मग जरा कचरल्या आणि म्हणाल्या, ताई, पुढच्या निवडणुकीला माझे पैसे मागू नका हं. म्हटलं, नाही मागणार. त्या कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या.

जिना चढून वर गेले. भावजयीने दार पूर्ण उघडलं, चहा टाकते म्हणाली. आई पलंगावर बसली होती. माझा हात धरून जवळ बसवलं, आणि कोणी ऐकत नाही ना बघून विचारलं, "मिटलं का तुमचं भांडण?"

"भांडण झालंच नाही, आई," मी म्हटलं.

"मग रडतेस कशाला?"

ते मला तिला समजावून सांगता आलं नाही. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि खालच्या माणसांचा आवाज ऐकत आम्ही दोघी बसून राहिलो.